बावीसातले पंधरा

कार्ड घासल्यावर मशीनमधून जी पावती निघते, तिच्यावरची अक्षरं आठ महिन्यांत उडून जातात. जानेवारी २०२३ मध्ये मी कपाटातली प्लास्टिकची फाइल काढली, तेव्हा मुलाच्या क्लासची पावती कोरी पडली होती. खिडकीच्या उजेडात तिरकी धरली की १,१०,००० मधली काही शून्यं अंधूक दिसायची, बाकी काही नाही. मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, एकवीस वर्षं झाली. कागद नाही म्हणजे व्यवहार नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. त्या कोऱ्या कागदाकडे बघून पोटात गोळा आला.

आदल्याच दिवशी क्लासचं शटर खाली आलं होतं. अकरावी-बारावी आणि सोबत इंजिनिअरिंग, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षा असा दोन वर्षांचा कोर्स होता. जून २०२२ ते मार्च २०२४, म्हणजे बावीस महिने. फी सगळी आधी. डिसेंबरपर्यंत सात महिने शिकवलं, मधल्या काळात फिजिक्सचे सर गेले, मग केमिस्ट्रीच्या मॅडम गेल्या, पगार थकलेत अशी कुजबुज मुलंच घरी येऊन सांगायची. नाताळच्या सुट्टीनंतर मुलं गेली तर शटरवर ए-फोर कागद चिकटवलेला: ‘तांत्रिक कारणास्तव शाखा बंद. विद्यार्थ्यांना ऑनलाइन लिंक पाठवली जाईल.’ लिंक आली, दोन आठवडे चालली, थांबली.

हे सगळं आता लिहायला बसले याचं कारण, गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. एकीच्या सोसायटीत बिल्डरने गॅस पाइपलाइनचे पैसे घेऊन पाइपलाइन आणलेली नाही. एकाच्या जिमने वर्षाची फी घेऊन टाळं लावलं. ‘ते क्लास अ‍ॅक्शन का काय म्हणतात, सगळ्यांच्या वतीने मिळून एकच तक्रार, ते आपल्याकडे असतं का हो?’ असतं. मी त्यातून गेले आहे. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहिते. मी वकील नाही. पण ज्या सहा पालकांच्या नावाने ती तक्रार दाखल झाली त्यांतली एक मी होते, आणि हिशेबाचे तक्ते सगळे माझ्या हातचे आहेत.

पहिला महिना सगळ्यांनी एकेकट्याने धावाधाव केली. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, बघता बघता ११८ जण. कोणी पोलीस चौकीत जाऊन आलं. मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तक्रार लिहून घेतली, नंबर दिला, कंपनीकडे पाठवली. कंपनीने उत्तर दिलं की विद्यार्थ्यांना ऑनलाइन पर्याय दिलेला आहे. झालं. हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही, हे तेव्हा कळलं. ग्रुपवर रोज दोनशे मेसेज, त्यातले दीडशे संतापाचे.

मग एका पालकांच्या ओळखीने आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. ग्राहक आयोगात नेहमी उभ्या राहणाऱ्या. आठ-दहा जण गेलो होतो, सगळे एकदम बोलत होतो. त्यांनी पाणी दिलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

‘तुमचं सगळ्यांचं दुखणं एकच आहे का?’

आम्ही एका सुरात हो म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘घाई करू नका. याच एका शब्दावर केस उभी राहते किंवा पडते.’

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५(१)(सी). जुन्या १९८६च्या कायद्यात हेच १२(१)(सी) होतं. पुष्कळ ग्राहकांचं हित समान असेल, तर त्यांच्यापैकी एक किंवा अनेक जण आयोगाच्या परवानगीने त्या सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. तरतूद एवढीच, तीन ओळींची. पण ‘समान हित’ म्हणजे काय, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं झालेली आहेत. वकीलबाईंनी बेंगळुरूच्या एका प्रकल्पाचं उदाहरण दिलं, ब्रिगेड एंटरप्रायझेसचं. ११३४ फ्लॅटचा प्रकल्प, त्यातले ५१ फ्लॅट घेणाऱ्या ९१ जणांनी ताबा उशिरा मिळाल्याबद्दल राष्ट्रीय आयोगात सगळ्यांच्या वतीने तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाकीच्या शेकडो खरेदीदारांचं हित तुमच्यासारखंच आहे हे तक्रारीत तुम्ही दाखवलेलंच नाही. तेव्हा ही सगळ्या वर्गाची, म्हणजे समान हित असलेल्या सगळ्या ग्राहकांची, तक्रार होत नाही. ती फेकून मात्र दिली नाही. या ९१ जणांनी मिळून केलेली संयुक्त तक्रार म्हणून चालवा, असं सांगितलं.

मला हा फरक समजायला दोन दिवस लागले, म्हणून इथे जरा थांबते. आपण चाळीस ओळखीचे लोक एकत्र येऊन, चाळीस सह्या करून तक्रार देतो, ती संयुक्त तक्रार. निकाल त्या चाळिसांपुरता. क्लास अ‍ॅक्शन म्हणजे सहाच लोक पुढे उभे राहतात, पण मागे सगळे असतात. ज्यांनी सही केली नाही तेही, ज्यांना तक्रार झालीय हे माहीतसुद्धा नाही तेही. त्यात निवड करता येत नाही. ‘आमच्या ग्रुपमधल्यांपुरतं’ असं म्हणालात की ती सगळ्या वर्गाची तक्रार राहत नाही. आणि म्हणूनच आयोग आधी बघतो की या सहांचं दुखणं खरंच मागच्या सगळ्यांचं आहे का.

आमच्यात दुखणी तर ढीगभर होती. कोणाला फी परत हवी होती. कोणाला मुलाचं वर्ष वाया गेलं त्याची भरपाई हवी होती. कोणी नंतर दुसऱ्या क्लासला दीड लाख भरले होते, ते हवे होते. सतरा पालकांनी फीसाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं होतं. क्लासनेच टेबलावर फॉर्म ठेवले होते, शून्य व्याज म्हणून. शटर पडल्यावरही दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यातून हप्ता कापला जात होता. त्यांचा राग सगळ्यांत जास्त होता, आणि रास्त होता.

आणि फीसुद्धा एकसारखी नव्हती. माझे १,१०,०००. दहावीला ९० टक्क्यांच्या वर असलेल्या मुलांना सवलत, त्यांचे ७७,०००. उशिरा प्रवेश घेतला त्यांचे १,३२,०००. समोरच्यांचे वकील हेच म्हणणार, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं: प्रत्येकाचा करार वेगळा, रक्कम वेगळी, मग हित समान कसलं?

त्या रात्री मी एक्सेलची फाइल उघडून बसले. ११८ पालकांच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, तारखा. रकमेच्या रकान्याकडे बघत राहिलं तर काहीच जुळत नव्हतं. मग मी शेजारी एक रकाना वाढवला: किती महिन्यांचे पैसे घेतले, किती महिने शिकवलं नाही. बावीसातले पंधरा. खालपर्यंत ओढलं. पहिल्या ओळीपासून एकशे अठराव्या ओळीपर्यंत तोच अपूर्णांक. माझ्या १,१०,००० चे ७५,०००. ७७,००० चे ५२,५००. १,३२,००० चे ९०,०००. रक्कम प्रत्येकाची वेगळी, पण प्रत्येकाचं देणं एकाच भागाकाराने निघत होतं. सकाळी बाईंना फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला: ‘हेच. हेच समान हित.’

तक्रार अशी लिहिली गेली: या शाखेत जून २०२२ च्या दोन वर्षांच्या कोर्सला फी भरून प्रवेश घेतलेले सर्व विद्यार्थी आणि पालक. मागणी एकच, न शिकवलेल्या पंधरा महिन्यांची फी, व्याजासह. मुलाचं वर्ष गेलं, दुसरीकडे पैसे भरले, कर्जाचे हप्ते गेले, हे सगळं बाहेर ठेवलं. ते ऐकून मीटिंगमधून दोघं उठून गेले. एक ताई रडल्या. मलाही ते बोचलं, कारण माझ्या मुलाने त्या वर्षात काय सोसलं ते मला ठाऊक आहे. पण दुखणं जितकं प्रत्येकाच्या घरातलं, तितकं ते सगळ्यांच्या तक्रारीत मावत नाही. मावेल तेवढंच आत घ्यायचं, बाकीच्यासाठी ज्याने त्याने वेगळी तक्रार करायची. कर्जवाल्या सतरा जणांनी फायनान्स कंपनीविरुद्ध तशी स्वतंत्र केली.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. मी एकटी जाऊ शकले असते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, एक रुपयाही नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. जिथे आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार देता येते, म्हणजे माझ्यासाठी ठाणे. नुकसान मोठं असेल, तुमचं प्रकरण इतरांपेक्षा वेगळं असेल, चुकीचं ऑपरेशन झालं असेल, विम्याचा दावा नाकारला असेल, तर एकट्याने जाणंच बरं. सगळ्यांच्या सरासरीत तुमचं खास दुखणं हरवतं.

पण आमच्या ग्रुपमध्ये रिक्षा चालवणारे होते, घरकाम करणाऱ्या दोघी होत्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू होत्या. त्यांना ठाण्याला पाच-सात तारखांना जायचं म्हणजे तेवढे दिवस धंदा बंद. शपथपत्र कुठे करायचं, कागद किती प्रतींत लावायचे, याची भीती वेगळी. एकशे अठरापैकी फार तर दहा जण गेले असते. कंपनीला हे पक्कं माहीत होतं. शंभर जणांचे पैसे बुडवून दहा जणांना परत द्यायचे, यात तिचा फायदाच आहे. शिकागोच्या अपील कोर्टातले न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी २००४ मध्ये एका निकालात हेच लिहिलं आहे: क्लास अ‍ॅक्शनला पर्याय म्हणजे एक कोटी सत्तर लाख स्वतंत्र दावे नव्हेत, पर्याय म्हणजे शून्य दावे, कारण तीस डॉलरसाठी एकटा कोर्टात कोण जातो?

अमेरिकेचं निघालंच आहे तर माझ्या भाच्याचं सांगते. तो न्यू जर्सीत असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या खात्यात ९२ डॉलर १७ सेंट जमा झाले. अ‍ॅपलने जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर अपडेटमधून मुद्दाम कमी केला, असा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य केला नाही, पण २०२० मध्ये ३१ ते ५० कोटी डॉलरची तडजोड केली. भाच्याने केलं काय, तर ईमेल आला, एका वेबसाइटवर फोनचा सिरियल नंबर भरला आणि विसरून गेला. आधी अंदाज फोनमागे २५ डॉलरचा होता. मागायला आलेल्यांचा हिशेब झाल्यावर ९२ निघाले.

तिकडे पद्धतच अशी. कोर्टाने वर्गाला मान्यता दिली की तुम्ही आपोआप आत. नको असेल तर कळवून बाहेर पडायचं, मग स्वतंत्र दावा करायला मोकळे. वकील स्वतःच्या खर्चाने केस लढवतात आणि जिंकले तर मिळालेल्या रकमेतून कोर्ट ठरवेल तो वाटा घेतात. त्यामुळे तीस-चाळीस डॉलरच्या नुकसानीसाठीही तिथे मोठे वकील उभे राहतात.

आपल्याकडे ते होत नाही, आणि माझ्या मते सामूहिक तक्रारी इतक्या कमी होण्याचं मोठं कारण हेच आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. जिंकलात तर टक्केवारी द्या, हे इथे चालत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी पैसे कोणीतरी काढायचे. आम्ही प्रत्येकी पंधराशे रुपये ठरवले. ११८ पैकी ८३ जणांनी दिले. पस्तीस जणांनी दिले नाहीत, आणि ग्रुपवर यावरून मोठं वाजलं. ‘ज्यांनी दिले नाहीत त्यांची नावं काढून टाका.’ मला सांगावं लागलं की तसं करता येत नाही. वर्ग म्हणजे वर्ग. पैसे न देणाऱ्यालाही त्याचे पंधरा महिने मिळणार.

तक्रार कुठे करायची, हाही हिशेबाचाच भाग. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या खंडपीठाने २०१६ मध्ये, अंबरीशकुमार शुक्ला प्रकरणात, ठरवून दिलं आहे की अशा तक्रारीत सगळ्यांची मिळून रक्कम बघायची. आणि २०१९च्या कायद्यात बघायची ती आपण मोजलेली किंमत, मागतोय ती भरपाई नव्हे. डिसेंबर २०२१ पासून ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. आमची भरलेली फी मिळून एक कोटी एकवीस लाखांवर गेली. म्हणजे राज्य आयोग, सीएसएमटीसमोर. गाडी शेवटच्या स्टेशनला थांबते, उतरून रस्ता ओलांडायचा. एक कोटी ते दोन कोटींच्या तक्रारीची सरकारी फी २,५०० रुपये आहे. एवढ्या रकमेच्या तक्रारीला अडीच हजार! आमचा खरा खर्च झाला तो वकिलांचा, झेरॉक्सचा आणि जाहिरातीचा.

दाखल सप्टेंबर २०२३ मध्ये केली, ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर. आता १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आहे. शटर पडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते, हे ग्रुपवर मी दर महिन्याला लिहायचे, कारण ‘कंपनी देतेय म्हणाली’ या आशेवर लोक महिने घालवत होते. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही.

परवानगीच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे करार वेगळे, रकमा वेगळ्या हा मुद्दा काढला. आमच्या बाईंनी तो तक्ता पुढे केला. आयोगाने परवानगी दिली आणि जाहीर नोटीस द्यायला सांगितलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर १ रूल ८ या तक्रारींना लागू आहे. ज्यांच्या वतीने लढताय त्या सगळ्यांना कळवलंच पाहिजे, आणि सगळ्यांचे पत्ते नसतील तर वर्तमानपत्रात. आमची एक नोटीस मराठी पेपरात आली, एक इंग्रजी. आठ सेंटिमीटरचा चौकोन, हरवले-सापडलेच्या खाली. मी दोन्ही कापून ठेवले आहेत. ती नोटीस वाचून कोणीही येऊन म्हणू शकतं की मलाही पक्षकार करा. दोघे आले. आणि निकाल लागला की तो सगळ्यांवर बंधनकारक असतो. जिंकलो तर सगळे जिंकले, हरलो असतो तर घरी बसलेलेही हरले असते. सहा जणांच्या सहीला एवढं वजन असतं, हे मला त्या चौकोनाकडे बघताना कळलं.

कंपनीने लेखी जबाब वेळेत दिला नाही. कायद्यात ३० दिवस आहेत, वाढवून मिळतात १५. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्याकडे त्यांचा जबाब बावन्नाव्या दिवशी आला. तो नोंदीवर घेतला गेला नाही.

मग एका संध्याकाळी मला फोन आला. बोलणारा माणूस फार नम्र होता. ताई, आम्हाला हे प्रकरण वाढवायचं नाही, तुम्ही सहा जण ठाण्याला चहाला या. आम्ही गेलो. त्यांनी पाकिटं आणली नव्हती, पण आकडा तयार होता. आम्हा सहा जणांना पूर्ण फी परत. पंधरा महिन्यांची नाही, पूर्ण बावीस महिन्यांची. मला १,१०,०००, आठवड्याच्या आत. बदल्यात सहा जणांनी तक्रार मागे घ्यायची.

परतीच्या गाडीत आम्ही दारापाशी उभे होतो, कोणी बोलत नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा तीन महिने पगार अर्धा होत होता. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी पुढ्यात होती. एक लाख दहा हजार. दिवा स्टेशनला आमच्यातले एक दादा म्हणाले, ‘घेऊ या ना. आपण काय सगळ्यांचा मक्ता घेतलाय?’ मी त्यांना दोष देत नाही. माझ्याही मनात तेच होतं.

रात्री बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्हाला घ्यायचं असलं तरी तुमच्या हातात नाही.’ त्याच रूल ८ मध्ये लिहिलंय की अशी तक्रार मागे घेणं, तिचा काही भाग सोडणं, तडजोड करणं, यातलं काहीही करायचं तर पुन्हा सगळ्यांना नोटीस द्यावी लागते. सहा जणांना गुपचूप विकत घेऊन शंभर जणांची तक्रार संपवता येत नाही. चहाच्या टेबलावर तर नाहीच.

मला त्या वेळी जी सुटका वाटली ती अजून आठवते. निर्णय माझ्या गरजेवर सोडलेला नव्हता. ज्याने हा नियम लिहिला त्याला माणसाची अडचण माहीत असणार. मी त्या दादांना सांगितलं, ते म्हणाले, ‘मग बरंच झालं.’ त्यानंतर ते एकही तारीख चुकले नाहीत.

सरकारही ग्राहकांच्या वतीने जाऊ शकतं, हे इथेच सांगून टाकते. २०१५ मध्ये मॅगीच्या प्रकरणात केंद्र सरकारने स्वतः नेस्लेविरुद्ध राष्ट्रीय आयोगात ६४० कोटींची मागणी केली होती. ती एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ते दंड लावतं. पण दंड सरकारजमा होतो. तुमचे पैसे तुम्हाला हवे असतील तर मागायला तुम्हालाच उभं राहावं लागतं.

निकाल २०२५ च्या पावसाळ्यात लागला. न शिकवलेल्या महिन्यांची फी, शटर पडल्या दिवसापासून ९ टक्के व्याज, तक्रारखर्च ५०,०००. कंपनीने दिलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत. अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते, तेही केलं नाही. आदेशाची अंमलबजावणी व्हावी म्हणून आम्ही दरखास्त दाखल केली. आदेश न पाळणाऱ्याला महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या कंपनीच्या संचालकांना त्यांच्या वकिलांनी समजावलं असावं, कारण दुसऱ्याच तारखेला पहिला हप्ता जमा झाला. दुसरा पुढच्या महिन्यात आहे.

आता यादीचं काम चालू आहे. निकाल वर्गासाठी आहे, पण पैसे मिळायचे तर वर्गात कोण कोण ते दाखवावं लागतं. आमच्या ग्रुपमध्ये ११८ आणि क्लासच्या हजेरीपटावर रोल नंबर १६३ पर्यंत. मधले पंचेचाळीस कुठे आहेत? मुलांना विचारतो, जुन्या ट्रिपचे फोटो बघतो. माझा मुलगा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगतो, हा आंबिवलीचा, ही शहाडहून यायची.

गेल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. टिटवाळ्याहून एक बाई बोलत होत्या. मुलीच्या मैत्रिणीकडून नंबर मिळाला म्हणाल्या. ग्रुप होता हे त्यांना माहीत नव्हतं, केस झाली हेही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे साधा फोन आहे. शटर पडल्यावर मुलीचं सायन्स बंद केलं आणि तिला कॉमर्सला घातलं.

‘मी काहीच भरलं नाही तुमच्याकडे,’ त्या म्हणाल्या, ‘मग आमचं नाव कसं येईल?’

मी विचारलं, ‘रोल नंबर आठवतो का?’

पलीकडे मुलीला हाक मारल्याचं ऐकू आलं. मग १४९. मी पावतीचं विचारलं. त्या म्हणाल्या, पावती आहे, पण तिच्यावरचं सगळं उडून गेलंय.

‘चालेल,’ मी म्हणाले. ‘पासबुक घेऊन रविवारी या. मे २०२२ चं पान लागेल.’